74 दिवस उशीर झाला म्हणजे माणूस भगोडा होतो का?

पत्र:
दादा, नमस्कार. आमच्या घरचे फौजेत नायक हायेत, 13 वर्सं झाले नोकरीले. नोव्हेंबरात 30 दिवसाच्या सुट्टीवर आले होते. 26 तारखेले सासूबाईले लकवा मारला, सेवाग्रामले 19 दिवस भरती होत्या, त्याच्यातच सुट्टी संपली. मंग तूर सोंगाची होती, सासरे थकले, घरात दुसरं कोनी नाही. असं करता करता 74 दिवस वरचे झाले. जानेवारीत ठान्यातून पोलीस आले कागद घेऊन, अख्ख्या गावानं पाह्यलं. 13 फेब्रुवारीले सकायी हे सोताहून पलटनीत हजर झाले. युनिट राजस्थानात हाये, पीस स्टेशन, म्हंजे लढाई नसलेल्या जागी. आता चार्जशीटवर डिझर्शन लिहिलं हाये अन् पुढच्या हप्त्यात समरी ऑफ एव्हिडन्स, म्हंजे साक्षी लिहून घेनं, हाये म्हनते. गावातले एक रिटायर हवालदार म्हनतात, गिल्टी म्हनून टाक, साहेब दया करतात. भाचा म्हनते, अमेरिकेत मोठा गुन्हा साबित नाही झाला तं छोट्या गुन्ह्यात सजा होते, आपल्याकडं तसं नसते. जेल होईन का? पेन्शन भेटन का?
ता.क. मधात 12 रात्री हे जिनिंगवर चौकीदारीले गेले होते, पैशाची लय वढातान होती. हे सांगाव का लपवाव?
— एक बहीण, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर:
पोरी, तुला ‘तू’च म्हणतो, माझी लेक तुझ्याच वयाची असेल. मी फौजेत क्लार्क होतो, शेवटी हेड क्लार्क म्हणून सुटलो, म्हणजे अशा चार्जशीटा टाइप करण्यातच माझी बोटं झिजली. त्यामुळे तुझं पत्र वाचलं तेव्हा आधी ता.क. वाचून डोक्याला हात लावला आणि मग वरचं वाचून जरा हायसं वाटलं. का ते सांगतो, पण जरा दमानं वाच, घाईघाईत फोन लावून ‘दादा म्हणतात तुम्ही सुटता’ असं नको सांगू, कारण मी तसं म्हणत नाहीये.

आधी तो शब्द. डिझर्शन म्हणजे आर्मी ॲक्ट 1950 चं कलम 38. सुट्टी संपूनही विनाकारण न येणं, ज्याला पलटनीत ओएसएल (ओव्हरस्टेइंग लीव्ह) म्हणतात, ते कलम 39. वरून दोन्ही सारखेच दिसतात, दोन्हीत माणूस जागेवर नसतो. फरक त्याच्या मनात काय होतं याचा आहे. परत जायचंच नाही असं ठरवून गेला, किंवा एखाद्या महत्त्वाच्या ड्युटीतून अंग काढायला गेला, तर डिझर्शन. यायचं होतं पण आला नाही, अडकला, आळस केला, घाबरला, तर ॲबसेंट. सुप्रीम कोर्टानं 1986 च्या एका निकालात हेच सांगितलं आहे, की नुसती गैरहजेरी म्हणजे डिझर्शन नव्हे, परत न येण्याचा इरादा दिसला पाहिजे. त्यामुळे दिवस मोजत बसू नको. दहा दिवसाचा माणूस भगोडा ठरू शकतो आणि सहा महिन्याचा ॲबसेंट राहू शकतो, दिवस जास्त झाले की इराद्याबद्दल शंका वाढते एवढंच.

आता तुझ्या डोक्यात बसलेली पोलिसांची गोष्ट. 30 दिवस झाले की कायद्यानंच कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे युनिटमधली चौकशी, बसवावी लागते, कलम 106, ती गैरहजेरी किती तारखेपासून, किटमधलं काय काय कमी आहे हे लिहिते आणि तोवर माणूस आला नाही की त्याला डिझर्टर धरतात. मग घरच्या पत्त्याच्या ठाण्याला कागद जातो, पकडून द्या म्हणून. तो कागद म्हणजे निकाल नव्हे गं. ते ऑफिसचं रजिस्टर आहे, मीच भरलंय कितीदा, त्यात कोणी तुझ्या नवऱ्याला विचारलेलं नसतं की बाबा तू का नाही आला. गावाला हे कोण समजावणार, गावाच्या हिशोबी पोलीस दारात आले म्हणजे झालं. तू ते सोड. मुकदम्यात पलटनीला इरादा वेगळा साबित करावा लागतो.

आणि आता तुझ्या भाच्याला सांग की तो अर्धा बरोबर आहे. अमेरिकेच्या फौजी कायद्यात आर्टिकल 79 आहे, मोठ्या गुन्ह्याच्या पोटात जो लहान गुन्हा बसतो त्यात दोषी धरता येतं, त्यांचं डिझर्शन 85 आणि ॲबसेंट 86. पण आपल्याकडं नसते म्हणतो ते चूक. आपल्या आर्मी ॲक्टमध्ये कलम 139 आहे आणि आपल्या लोकांनी तर चक्क नावं घेऊन लिहून ठेवलं आहे की कशाच्या ऐवजी काय. डिझर्शनचा आरोप असला तर डिझर्ट करायचा प्रयत्न केला यात दोषी धरता येतं किंवा नुसतं ॲबसेंट यात. सीनियरवर हात उचलला हा आरोप साबित नाही झाला तर अंगावर धावून गेला यात. धमकीची भाषा वापरली हे नाही टिकलं तर बेअदबीची भाषा. सरकारी मालाच्या चोरीचा आरोप आणि निघालं की चोरला नाही पण आपल्या ताब्यात होता तो खाल्ला, अफरातफर केली, तरी त्याच कोर्टात त्यात दोषी. कोणताही गुन्हा असो, पूर्ण झाला नाही पण प्रयत्न केला, तर प्रयत्नात. आणि एखाद्या गुन्ह्याला जादा सजा देणारी परिस्थिती साबित नाही झाली, तर त्याच गुन्ह्यात पण कमी सजेच्या प्रकारात. यासाठी चार्जशीटवर दुसरा गुन्हा वेगळा लिहिलेला असायची गरज नाही. म्हणजे तुझ्या नवऱ्याच्या चार्जशीटवर ‘39’ हा आकडा कुठंच नसला तरी कोर्ट त्याला डिझर्शनमध्ये नॉट गिल्टी आणि विनापरवानगी गैरहजर म्हणून गिल्टी असं लिहू शकतं. उलटं मात्र चालत नाही, आरोप ॲबसेंटचा असला तर त्याच मुकदम्यात वर चढून डिझर्शन करता येत नाही.

अजून एक बारीक गोष्ट आहे, ती फार जणांना माहीत नसते. कोर्टाला वाटलं की आरोप तर खरा आहे पण चार्जशीटवर लिहिल्यापेक्षा प्रकार जरा वेगळा घडला, समजा 74 दिवस लिहिलेत आणि साबित 50 च झाले, आणि त्या फरकानं आरोपीच्या बचावाला धक्का बसत नसेल, तर स्पेशल फाइंडिंग देतात, म्हणजे दोषी, पण इतक्याच दिवसाचा. त्यामुळे तारखा तपासा. सुट्टीच्या सर्टिफिकेटवर काय तारीख आहे, क्वार्टर गार्डवर, म्हणजे युनिटच्या पहाऱ्याच्या चौकीवर, हजेरी कधी लागली, दोन्ही.

मग एवढं काय त्या दोन कलमांच्या नावात? ऐक. कागदावर 38 ला, लढाईच्या ड्युटीत किंवा तिकडं निघायचा हुकूम असताना पळाला तर फाशीपर्यंत, तसं नसेल तर 7 वर्षांपर्यंत कैद. 39 ला 3 वर्षांपर्यंत. हे आकडे वाचून तुला झोप येणार नाही म्हणून लगेच सांगतो, नायकाचं प्रकरण बहुतेक वेळा समरी कोर्ट मार्शलपुढं, म्हणजे पलटनीतल्याच छोट्या फौजी कोर्टापुढं जातं, तिथं सीओ (कमांडिंग ऑफिसर) साहेब लेफ्टनंट कर्नल किंवा वरचे असले तर जास्तीत जास्त 1 वर्ष कैद देऊ शकतात, खालच्या रँकचे असले तर 3 महिने. पण त्याच कोर्टाला डिसमिस करायचा अधिकारही आहे, आणि तुमचा खरा साप तिथं बसला आहे.

शिपायाला पेन्शनीला 15 वर्षं लागतात. तुझ्या नवऱ्याची 13 झाली. आता बघ, पेन्शनचे नियम म्हणतात की डिझर्शनमध्ये कोर्ट मार्शलनं दोषी धरलं की त्याआधीची सगळी सेवा पेन्शन आणि ग्रॅच्युइटीच्या हिशोबातून जाते, पूर्ण 13 वर्षं पाण्यात. पुढे नोकरीत राहिला आणि सलग 3 वर्षं चांगली काढली तर ती परत मिळते, पण तोवर राहिला पाहिजे ना! ॲबसेंटमध्ये असं होत नाही, ते 74 दिवस साधारणपणे पेन्शनीत धरत नाहीत, त्या दिवसांचा पगार कापला जातो, रेड इंक एंट्री, म्हणजे रेकॉर्डवर लाल शाईनं शिक्षेची नोंद लागते, प्रमोशन मागं पडतं, आणि पुढं 15 पूर्ण करायचा रस्ता उघडा राहतो. डिसमिस झाला तर मात्र कोणत्याही कलमात झाला तरी साधारणपणे पेन्शन नाही. म्हणून तुमची लढाई जेलची कमी आणि नावाची जास्त आहे, ‘भगोडा’ की ‘उशिरा आलेला’, आणि दुसरी डिसमिस टाळायची.

आता त्या हवालदार काकांचं. त्यांचा मान आहे, मनानं बरोबर सांगतात, पण हा सल्ला या ठिकाणी खड्ड्यात घालणारा आहे. गिल्टी म्हटलं की पलटनीला इरादा साबितच करावा लागत नाही, तो आरोपीनंच देऊन टाकला. नियम असा आहे की गिल्टी लिहून घ्यायच्या आधी कोर्टानं आरोपीला समजावून सांगायचं, आरोप काय, कबुलीचा परिणाम काय, पुढची पद्धत कशी बदलते, आणि पुराव्यावरून वाटलं की याने नॉट गिल्टी म्हणायला पाहिजे तर तसा सल्लाही द्यायचा. नियम चांगला आहे. पण मी एका ठिकाणी पाहिलंय, नाव नाही घेत, एक पोरगं उभं होतं बेल्ट-टोपी काढून, मार्च अप करून आणलेलं, घसा कोरडा, त्याला ते इंग्रजी वाक्य वाचून दाखवलं, मग हिंदीत काहीतरी, आणि पोरगं ‘जी साहब’ म्हणालं. ते ‘जी साहब’ गिल्टी म्हणून लिहिलं गेलं. त्या पोराला वाटलं साहेब विचारतायत समजलं का. मी टाइपरायटरमागं बसून ते टाइप केलं, आणि आता पंचवीस वर्षं झाली तरी ते पान डोळ्यापुढून जात नाही.

तेव्हा तुझ्या नवऱ्याला हे स्पष्ट पढव, डिझर्शनला ‘नॉट गिल्टी’, आणि त्याच दमात गैरहजेरी लपवायची नाही. ‘मी 74 दिवस नव्हतो हे खरं, परवानगी नव्हती हेही खरं, पण मला परत यायचं होतं आणि मी आलो.’ हे तो आपल्या स्टेटमेंटमध्ये सांगू शकतो. मी काहीच केलं नाही असं म्हणू नये, तसं म्हटलं की त्याचं बाकीचं खरंही खोटं वाटायला लागतं.

पण मुकदम्याची वाट कशाला बघता, सगळ्यात महत्त्वाची वेळ पुढच्या हप्त्यातली आहे. समरी ऑफ एव्हिडन्समध्ये साक्षीदारांचं लिहून घेतात, आरोपीला त्यांना प्रश्न विचारता येतात आणि आपलं म्हणणं मांडता येतं. बळजबरी नाही, पण जे बोलेल ते लिहिलं जाईल असं आधी सांगतातच. ते सगळं वाचून सीओ साहेब ठरवतात की कोर्ट मार्शल करायचं की आपल्याच पातळीवर निपटवायचं. आणि त्यांना पटलं की हे ओएसएलच आहे तर ते कलम 80 खाली स्वतः सजा देऊ शकतात, नायकाला त्या कलमात कैद देता येत नाही, सक्त ताकीद, पगाराचा दंड, असं काहीतरी, आणि गोष्ट तिथं संपते. सगळ्यांचं असं होत नाही, पण कागद पुरे असले तर होतं, मी होताना पाहिलंय. म्हणून कागद तिथं पोहोचले पाहिजेत, कोर्टाच्या दिवशी खिशातून काढायचे म्हणून ठेवायचे नाहीत.

कोणते कागद ते आता नीट ऐक. सेवाग्रामचं डिस्चार्ज कार्ड, भरती आणि सुट्टी दोन्ही तारखांसह. तूर सोंगायच्या दिवसाचे रोजंदारीचे हिशोब असतील तर ते, नसले तर राहू दे, तुरीच्या शेंगांनी कोर्ट हलत नाही, आणि खरं सांगू का, शेती हे कारण तिथं फार कच्चं धरलं जातं, सगळ्यांच्याच घरी शेती असते. पण सासूबाईचा लकवा पक्का. दुसरं, नवऱ्यानं सुट्टी वाढवून मागितली का? फोन केला, व्हॉट्सॲपवर सुभेदार साहेबांना मेसेज टाकला, पोस्टानं अर्ज पाठवला? मेसेज असेल तर फोन फॉरमॅट करू नको, स्क्रीनशॉट घेऊन ठेव आणि फोनपण तसाच ठेव. परतीचं रेल्वेचं तिकीट काढलं होतं का? बडनेरा किंवा वर्ध्याहून? 30 तारखेचं तिकीट काढून कॅन्सल केलं असेल तर ते सोन्याचं पान आहे, कारण ज्याला परत जायचंच नाही तो तिकीट काढत नाही. कॅन्सलचा मेसेज मोबाइलमध्ये असतो, हुडक. आणि ट्रंक, युनिफॉर्म, किट युनिटमध्येच होतं ना? आयकार्ड खिशात तसंच होतं ना? घरीच होता ना, गाव सोडून नावं बदलून कुठं गेला नव्हता? सरपंच किंवा पोलीस पाटलाचं पत्र घे, पण त्यात ‘हा मुलगा लय सालस आहे’ हे तीन ओळी लिहून घेऊ नको, ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत हा आपल्या घरी राहत होता’ एवढं साधं वाक्य घे.

आणि तो पोलीस येण्याचा मुद्दा. ते म्हणतील की पोलिसांच्या भीतीनं आला, मनानं नाही. तारीख बघ, पोलीस जानेवारीत आले, तो गेला फेब्रुवारीत, मधल्या काळात काय झालं? सासूबाई उठून बसल्या, कोणी सांभाळायला मिळालं, असं जे खरं असेल ते सांगायचं. पकडून नेलेला नाही, स्वतः पायी गेटवर गेला, हे त्याच्या बाजूनं मोठं वजन आहे.

आता जिनिंग. ता.क. मध्ये बारीक लिहिलंस म्हणून ते बारीक होत नाही पोरी. फौजेत असलेला माणूस दुसरीकडं पगारावर काम करतो म्हणजे परत यायचा विचार नव्हता असा अर्थ काढला जातो, आणि इराद्याच्या पुराव्यात हा सगळ्यात वाईट कागद. पण लपवलं आणि तो कागद त्यांनी काढला, म्हणजे जिनिंगच्या हजेरीच्या वहीत नाव निघालं, तर मग तुझ्या सेवाग्रामच्या कागदावरही कोणी विश्वास ठेवणार नाही. त्यामुळे विचारलं तर खरंच सांगायचं, आणि सोबत सगळं सांगायचं, 12 रात्री, रोजाचे किती मिळाले, तेव्हा पगार बंद झाला होता, औषधाला पैसे लागत होते. दवाखान्याच्या औषधाच्या पावत्या त्या तारखांच्या असल्या तर ते 12 दिवस आपोआप उलगडतात. मुकादमाकडून ‘रात्रपाळीचं तात्पुरतं काम’ असं लिहून मिळालं तर अजून बरं. कायमच्या नोकरीचा फॉर्म भरला होता का, आधार दिलं होतं का, हे तू नवऱ्याला नीट विचार, मला नाही, त्यालाच.

कोर्टाबद्दल थोडं. समरी कोर्ट मार्शलमध्ये सीओ साहेब एकटेच कोर्ट असतात, सोबत दोन अधिकारी किंवा जेसीओ (सुभेदार वगैरे) बसतात पण त्यांना मत नसतं. त्या मुकदम्यात वकील उभा राहून बोलू शकत नाही. ‘फ्रेंड ऑफ द अक्यूज्ड’ म्हणून एक माणूस घेता येतो, वकीलही चालतो, तो कानात सल्ला देऊ शकतो, साक्षीदाराला काय विचारायचं ते सुचवू शकतो, पण स्वतः प्रश्न विचारू शकत नाही. म्हणून नवऱ्याला स्वतःच्या तोंडानं चार वाक्यं बोलता आली पाहिजेत. चार्ज कळवल्यापासून मुकदमा सुरू होईपर्यंत पीस स्टेशनवर 96 तास मिळायलाच पाहिजेत, त्या आत उभं केलं तर ते तिथंच लिहून घ्यायला सांगायचं. मोठ्या कोर्टांमध्ये, डिस्ट्रिक्ट कोर्ट मार्शलमध्ये किमान 3 अधिकारी, जनरलमध्ये 5, मत बहुमतानं आणि बरोबरी झाली तर फायदा आरोपीला.

निकालानंतरचं आत्ता जास्त नाही सांगत. एवढं लक्षात ठेव, समरी कोर्ट मार्शलची कागदं वरच्या ब्रिगेड किंवा डिव्हिजनच्या साहेबांकडं जातात आणि ते गुणदोषावर सजा रद्द किंवा कमी करू शकतात. शिवाय कलम 164 खाली निकालाविरुद्ध अर्ज करता येतो. समरीत डिसमिस किंवा 3 महिन्यांपेक्षा जास्त कैद झाली तर आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनलमध्ये, म्हणजे फौजी प्रकरणांच्या न्यायाधिकरणात, जाता येतं, मुंबईला खंडपीठ आहे. ट्रिब्युनललाही डिझर्शनची शिक्षा काढून त्याजागी ॲबसेंटचा निकाल ठेवायचा अधिकार आहे. आणि सजा अतीच असली तर 1987 मध्ये रणजित ठाकूर या जवानाच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं जेवण्याचा हुकूम न मानल्याबद्दलची 1 वर्ष कैद आणि डिसमिसल दोन्ही रद्द केलं होतं. त्याने ज्या साहेबाविरुद्ध तक्रार केली होती तेच कोर्टात बसले होते, हेही एक कारण. पण हे सगळं नंतरचं, पैसा आणि वर्षं खाणारं. तुमची वेळ पुढच्या हप्त्यात आहे.

आज सोमवार. उद्या दारव्ह्याला जाशील तेव्हा डिस्चार्ज कार्डाची दोन्ही बाजूंची झेरॉक्स काढ, मागच्या बाजूला फॉलोअपच्या तारखा असतात आणि त्याच बहुतेक लोक विसरतात. एक सेट स्पीड पोस्टनं नवऱ्याच्या नावे युनिटच्या पत्त्यावर पाठव, दुसरा फोटो काढून व्हॉट्सॲपवर, तिसरा घरी पेटीत. पोस्टाची पावती फेकू नको. आणि रात्री त्याच्याशी बोलशील तेव्हा गिल्टी, नॉट गिल्टी सोडून आधी एवढंच विचार, 30 नोव्हेंबरचं तिकीट काढलं होतं का, आणि काढलं असेल तर कुठल्या आयडीवरून.